ज्येष्ठांनी ज्येष्ठांसाठी लिहायची साइट कशी बनवायची? आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी आणि कोपरी ह्या भागातल्या साठीपुढच्या मंडळींसाठी आम्ही चौघांनी मिळून एक छोटी साइट बनवली. आपल्याला जे येतं ते त्यांनी तिथे लिहायचं किंवा बोलून ठेवायचं, म्हणजे मग मोडी वाचायचं कसं इथपासून ते सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद वाचताना कुठे बोट ठेवायचं इथपर्यंत काहीही. आता नेरूळ, वाशी, कळवा असे कुठून कुठून फोन येतात, आम्हालाही करायचंय म्हणतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात म्हणून एकदाचं इथे लिहून टाकते.

व्हॉट्सॅप ग्रुप आहे की, वेगळी साइट कशाला?

ग्रुप आमचाही आहे आणि तो बंद करायची कोणाची हिंमत नाही. पण दर नोव्हेंबरात काय होतं बघा, हयातीच्या दाखल्याचा प्रश्न येतो, डिजिटल जीवन प्रमाण घरबसल्या कसं काढायचं, बोटाचे ठसे उमटत नाहीत, मग चेहऱ्याने कसं करायचं. आमच्यातले एक बँकेतून रिटायर झालेले काका अगदी पायरी पायरीने उत्तर लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उत्तर गुलाबाच्या फुलांखाली गाडलं जातं, आणि चार दिवसांनी तोच प्रश्न परत. ही सोय २०१४ पासून आहे, म्हणजे विचार करा काकांनी किती वेळा तेच टाइप केलं असेल. साइटवर त्याचं एक पान आहे, काका दर वर्षी ते दुरुस्त करतात आणि ग्रुपवर नुसती लिंक टाकतात.

विकिपीडियावर का नाही लिहीत मग?

काहीजण लिहितात, मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तिथे माणसं हवीच आहेत. पण तिथे प्रत्येक गोष्टीला छापील आधार लागतो, आणि आमच्याकडच्या बहुतेकांना जे येतं त्याला आधार त्यांचे दोन हात. ते विकिपीडियावर उडतं, आणि ते बरोबरच आहे.

ज्येष्ठ म्हणजे नक्की कोण धरायचे?

कायद्याने साठ, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तेच म्हणतो, आणि २०११ च्या जनगणनेतच साठीपुढचे दहा कोटींच्या वर होते. पण डिझाइन करताना साठ आणि पंच्याऐंशी एका टोपलीत टाकू नका. आज जे पासष्टचे आहेत त्यांनी ऑफिसात नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर शिकलेला आहे, फोनवर शेअर विकतात, त्यांना "आजोबा, घाबरू नका" छाप मजकूर दाखवला की ते चिडतात. साइटवर आजी-आजोबांचं गोंडस चित्र होतं आमच्या, काठी वगैरे, पहिल्याच मिटिंगला काढायला लावलं.

फॉन्ट किती मोठा ठेवायचा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ब्राउझरचा ठरलेला आकार १६ पिक्सेल असतो, इंग्रजीला तो चालून जातो पण देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं असा सगळा संसार त्याच उंचीत मांडायचा असतो, त्यामुळे मधलं अक्षर बारीक पडतं. आम्ही २० वर थांबलो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवलं, त्याच्या खाली गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरायला लागतो.

आणि एक, अक्षरांमधलं अंतर वाढवायची डिझायनर लोकांना फार हौस असते, इंग्रजी हेडिंगला छानही दिसतं ते, पण मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बारीक वजनाचा फॉन्ट घेतला तर शिरोरेषाच गायब होते, फार ठळक घेतला तर "द्ध" आणि "क्ष" ची पोटं भरून येतात. मधलं वजन घ्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही चांगले. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी लिहायला विसरू नका, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणं दिलेली असतात तो ती वापरतो, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मला हे कधी जाणवलंही नव्हतं, सासऱ्यांनी पहिल्या दिवशी चष्मा वर करून विचारलं, "हा ल हिंदी पेपरातला का?"

दोन बोटांनी मोठं करायची सोय कोडमधून बंद करणारे महाभाग अजून आहेत, ते करू नका एवढंच.

रंग कोणते?

पांढऱ्यावर काळा. सांगितलं की सगळ्यांचा चेहरा पडतो, पण कारण ऐका. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहते आणि आतलं भिंग पिवळट होत जातं, साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात निळ्या-जांभळ्या छटा एकमेकीत मिसळतात, म्हणजे वाचलेली लिंक जांभळी आणि न वाचलेली निळी हा आपला लाडका फरक त्यांना दिसतच नाही, म्हणून लिंकला खाली रेघ द्या. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी ह्या संस्थेचे सुलभतेचे जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात ते, त्यात साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग ह्यांच्या उजेडातला फरक, लागतो आणि त्याहून कडक पातळीला ७ ला १. आम्ही सात धरला. मोजायची फुकट टूल्स आहेत, पण खरी परीक्षा म्हणजे सकाळी नऊच्या उन्हात तलावपाळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या, कट्ट्यावर बसून फोन बघायचा, फिका राखाडी मजकूर तिथे वाफ होऊन जातो.

बटणं आणि आयकॉन?

मोठी बटणं आणि त्यांच्यात मोकळी जागा. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत कमीत कमी २४ पिक्सेल सांगितलेत आणि कडक पातळीला ४४, आमची ४८ आहेत. पण आकार हा निम्माच प्रश्न. माझ्या सासऱ्यांनी वागळे इस्टेटमध्ये चाळीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काम केलं, बोटांची टोकं अशी घट्ट झालीत की फोनच्या स्क्रीनला ती कळतच नाहीत, कारण स्क्रीन त्वचेतून जाणाऱ्या विजेवर चालतो आणि कोरड्या जाड कातडीतून ती नीट जात नाही. मग ते जोर लावून दाबून धरतात, फोनला वाटतं ह्यांना शब्द निवडायचाय, लगेच निळं काहीतरी उमटतं आणि कॉपी-पेस्टची पट्टी येते, आणि ते म्हणतात हे बघ परत बिघडलं. म्हणून दाबून धरणे, सरकवणे, दोनदा टॅप करणे ह्यातल्या कशावरही काहीही ठेवू नका. एक टॅप, एक काम.

आयकॉनखाली शब्द लिहाच. तीन आडव्या रेघांचा मेनू आमच्या निम्म्या लोकांना शोभेची नक्षी वाटला होता. आणि सर्चचं भिंग बघून एक काकू म्हणाल्या, "ही पळी कशाला?" तेव्हापासून मलाही ती पळीच दिसते. आता तिथे "शोधा" लिहिलंय.

"मी काही दाबलं आणि बिघडलं तर?"

हा प्रश्न साइट बनवणारे विचारत नाहीत, वापरणारे विचारतात, आणि माझ्या मते सगळं डिझाइन ह्या एका प्रश्नाभोवती फिरतं, फॉन्ट नंतर.

कोपरीच्या एक काकू आहेत, वय ७६. लोणच्याची कैरी कशी निवडायची ह्यावर लिहायला बसल्या, एका बोटाने, अक्षर शोधत शोधत. बाठ कडक झालेली हवी, फोड कापताना बाठीचा तुकडा फोडीला चिकटून राहिला पाहिजे म्हणजे ती लोणच्यात विरघळत नाही, फोडी धुतल्यावर पंचावर पसरून पूर्ण कोरड्या करायच्या, असं सगळं बारीक. चाळीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मुलीचा फोन आला. बोलून परत आल्या तर पान कोरं. मी शेजारीच बसले होते. त्या काय म्हणाल्या माहितीय? "जाऊ दे गं, माझंच काहीतरी चुकलं असेल." आणि पुढचे तीन आठवडे आल्याच नाहीत. चूक शंभर टक्के माझी होती, मी लिखाण आपोआप सेव्ह होण्याची सोय "नंतर करू" म्हणून सोडली होती. तरुण माणसाचं असं झालं तर तो साइटला शिव्या घालतो, ह्यांच्या पिढीतली माणसं स्वतःला दोष देतात आणि गुपचूप निघून जातात, त्यामुळे तुमच्याकडे तक्रार येतच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं छान चाललंय.

आता दर पाच सेकंदांनी सेव्ह होतं आणि वर पूर्ण वाक्य दिसतं, "तुमचं लिखाण ९ वाजून ४० मिनिटांनी जपून ठेवलंय." वेळ लिहिल्याने विश्वास बसतो, नुसत्या बरोबरच्या खुणेने बसत नाही. काढून टाकलेलं काहीही महिनाभर परत आणता येतं. "रद्द करा" आणि "पाठवा" ही दोन बटणं एकमेकांच्या शेजारी नाहीत. चूक झाली की लाल त्रिकोण आणि "अवैध इनपुट" दाखवायचं नाही, हल्ली फसवणुकीच्या इतक्या बातम्या येतात की लाल काही दिसलं की त्यांना वाटतं अकाउंट रिकामं झालं. "मोबाईल नंबरात एक आकडा कमी पडलाय" असं साधं सांगा. आणि फॉर्मच्या रकान्यात फिक्या अक्षरात नमुना लिहून ठेवू नका, एक काका बराच वेळ वाट बघत होते कारण त्यांना वाटलं फॉर्म आधीच भरलेला आहे.

काकू परत आल्या, लोणच्याचं पान आता साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जातं. पण तीन आठवडे गेलेच ना.

लॉगिन कसं ठेवायचं, ओटीपीने?

आम्ही तेच केलं आणि पस्तावलो. एक तर सगळ्या बँका घसा कोरडा करून सांगतात ओटीपी कुठे देऊ नका आणि आम्हीच तो मागतोय. दुसरं म्हणजे बऱ्याच जणांचं सिम मुलाच्या नावावर किंवा नंबर मुलाचा दिलेला, मुलगा ऐरोलीला ऑफिसात मिटिंगमध्ये, ओटीपी त्याच्या खिशात आणि इथे तीस सेकंदांचं घड्याळ उलटं पळतंय. पासवर्ड म्हणाल तर तो डायरीच्या मागच्या पानावर, आणि डायरी घरी. चित्रातले सिग्नल ओळखा हा प्रकार तर कोणालाच जमत नाही. लॉगिनसाठी पाठांतराची किंवा कोडी सोडवायची सक्ती नको हे २०२३ च्या डब्ल्यूसीएजीतही आलंय.

आता वाचायला लॉगिनच नाही. लिहिणाऱ्याला आम्ही एक छापील कार्ड देतो, त्यावरचा क्यूआर स्कॅन केला की त्या फोनवर वर्षभर आत राहता येतं. कार्ड हरवलं तर? दुसरं देतो, जुनं बंद करतो. चोराच्या हाती लागलं तर तो फार तर कैरी निवडायला शिकेल, कारण आम्ही पत्ता, जन्मतारीख, आधार काहीच घेत नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आल्यावर बरेचजण घाबरून विचारतात काय करायचं, तर जी माहिती लागत नाही ती मागूच नका, अर्धं काम तिथेच होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिलंय की आम्ही ओटीपी कधीच विचारत नाही आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा.

मराठी टायपिंग येत नाही त्यांचं काय?

जेवढी माणसं तेवढे प्रकार. सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेल्या एक ताई रेमिंग्टन टाइपरायटरच्या सवयीने इतक्या वेगात टाइप करतात की मी लाजते, पण फोनवर त्यांना एक शब्द जमत नाही. बऱ्याच जणांना फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाखवला की काम होतं, मराठी बोलून टाइप चांगलं चालतं, फक्त पूर्णविराम नसतो, ते आम्ही नंतर टाकतो. बाकीचे वहीत लिहितात आणि फोटो पाठवतात, आमच्यातलं कोणीतरी टाइप करतं. खरं सांगायचं तर सगळ्यात भारी मजकूर वहीतूनच येतो.

काहींकडे जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी ह्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आठवणी असतात, त्या साइटवर चिकटवल्या की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, फक्त नंतर एकदा रफार आणि पहिली वेलांटी तपासा, घोळ तिथेच होतात.

सर्च मराठीत नीट का चालत नाही?

कारण तयार सर्च इंग्रजी डोक्याने बनवलेलं असतं. इंग्रजीत ठाणे लिहिलं की ते ठाणेच राहतं, आपल्याकडे ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून, ठाणेकर. "घोडा" शोधणाऱ्याला "घोड्याचा" सापडत नाही. त्यात "घरे" आणि "घरं", "पाणी" आणि "पाणि". आणखी एक छुपी भानगड म्हणजे ॲ हे अक्षर दोन पद्धतीने टाइप होतं, एक सलग ॲ आणि एक अ वर चंद्र देऊन, डोळ्याला सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. ऱ्या चं पण तसंच. आकडे काहीजण मराठी टाकतात, काहीजण इंग्रजी. आम्ही सर्चच्या आधी हे सगळं एकसारखं करून घेतो, ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतो, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांसाठी शब्दांची एक यादी हाताने बनवलीय. काहीच सापडलं नाही तर "शून्य निकाल" न दाखवता "हे अजून कोणी लिहिलेलं नाही, तुम्हाला माहितीय का?" असं विचारतो. त्यातून पानं वाढतात.

बटणांवर शुद्ध मराठी हवं की इंग्रजी?

जे तोंडात आहे ते. "जतन करा" कोणी बोलत नाही, "सेव्ह करा" चालतं. "अपलोड" च्या जागी "फोटो टाका". पण "कर", "टाक", "पुढे जा" असं एकेरी नको, बारीक गोष्ट वाटते, एक माजी मुख्याध्यापिका मात्र "तुझे खाते" वाचून जे उठल्या ते उठल्याच.

लोक वाचतात पण लिहीत नाहीत, काय करायचं?

"तुमचं ज्ञान शेअर करा" असं लिहिलं असेल तर कोण लिहिणार? ज्ञान म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते. "मला काय येतंय, मी तर घरीच असते" असं म्हणणाऱ्या बाईने चाळभर पोरांच्या मुंजी-लग्नांचे स्वयंपाक केलेले असतात. आम्ही विषय, टॅग, वर्णन असे सगळे रकाने काढून एकच प्रश्न ठेवला, "लोक तुम्हाला फोन करून काय विचारतात?" आणि खाली दुसरा, "हे तुम्ही कुठे शिकलात?" सासऱ्यांनी ह्यालाच उत्तर म्हणून लेथवर आठ क्लिपा बोलून दिल्या, निघणारी चिप, म्हणजे धातूचा कीस, निळी पडायला लागली की वेग जास्त झाला, हायस्पीड स्टीलच्या टूलला ते सोसत नाही, आणि टूल बोथट झालं की ते डोळ्यांआधी कानाला कळतं. कळव्याचा एक आयटीआयचा मुलगा त्यावर प्रश्न विचारत असतो, सासरे दिवसभर उत्तर घोळवत बसतात.

ऑडिओसाठी काही खास?

मागे संगीत नको. वयाबरोबर आधी उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, म्हणजे स, श, फ असले आवाज निसटतात, त्यात बासरी लावली की संपलं. पाच मिनिटांच्या आतली क्लिप, खाली पूर्ण मजकूर, आणि पान उघडल्या उघडल्या आपोआप काही वाजायला नको.

घरगुती औषधं, फॉरवर्ड, भांडणं?

"मी स्वतः केलंय किंवा पाहिलंय" एवढंच लिहायचं हा नियम, त्यात निम्मे फॉरवर्ड गळतात. काढा चालेल, पण डोस सांगायचा नाही आणि "गोळ्या बंद करा" असं लिहिलेलं वाक्य आम्ही न विचारता काढतो, त्यावरून रुसवे झालेत, होऊ देत. रिडेव्हलपमेंटच्या पानावर बिल्डरचं किंवा सोसायटीचं नाव नाही.

जुन्या दिवाळी अंकातला लेख स्कॅन करून टाकू का?

नाही. लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत कॉपीराइट असतो. त्या लेखाबद्दल तुम्हाला काय आठवतं ते लिहा.

एखादे सदस्य गेले तर त्यांच्या पानाचं काय?

हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं, आणि साइटने एका गेलेल्या काकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, त्यांच्या बायकोच्या फोनवर. वाढदिवसाचा कार्यक्रम त्याच रात्री काढून टाकला. आता कार्ड देतानाच विचारतो, पान ठेवायचं का, आणि दुरुस्ती कोणी करायची. विचारायला अवघड वाटतं ते आपल्याला, ते लोक अगदी व्यवहारात उत्तर देतात, "ठेवा, पण ते पेन्शनचं दर वर्षी बदलतं, ते कोणाला तरी बघायला सांगा." त्या गेलेल्या काकांच्या बायकोने एकच मागितलं, काकांच्या आवाजातली मोडीची क्लिप आहे ती काढू नका. काढलेली नाही.

ॲप बनवावं का?

नको. फोनमध्ये जागा नसते.

तुमचं टेस्टिंग बघायला येऊ का?

या की. बुधवारी सकाळी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर असतो आम्ही, फिरून आलेली मंडळी बसतात तेव्हा. लॅपटॉप नको, तिथे स्लाइड कोणी बघत नाही. एकावेळी एका माणसाजवळ बसायचं, एक काम सांगायचं आणि गप्प राहायचं, बोट कुठे अडतं ते वहीत टिपायचं. कोणाच्या हातातून फोन घेऊन "थांबा, मी करून देते" म्हणायचं नाही, म्हणालात तर त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा तुमच्याकडून. मी आत्तापर्यंत चार वेळा पाजलाय.